एका नंबरावर दोघी

कुत्र्याच्या जिभेला लावायचा चिमटा डॉक्टर आधी स्वतःच्या बोटाला लावून बघायचे. मशीनच्या काचेवर आकडा उमटला की तो टेबलावरच्या जनावरासमोर धरायचे आणि म्हणायचे, "मी ठीक आहे. आता तुमचं बघू. परेशान नका होऊ." समोर कुत्रं असो, शेळी असो, नाहीतर कोणाच्या पिशवीतून आलेलं मांजर असो, सगळ्यांना ते अहोजाहोच करायचे. माणसांनाही करायचे, पण माणसांशी बोलताना आवाज जरा कोरडा असायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या जवळ बसावं असं वाटतं, पण का वाटतं ते सांगता येत नाही. मी बँकेत नोकरी केली. शेवटची बदली बनारसला झाली, आणि निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, काशी सोडून तुम्हाला जिथं जायचं तिथं जा, मी येत नाही. म्हणून दूधविनायकाच्या गल्लीत भाड्याचं घर घेतलं. आमच्या मांजरीनं शिवणाचा दोरा गिळला तेव्हा गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो. मी बँकवाला आहे हे कळताच डॉक्टर मला मॅनेजरसाहेब म्हणू लागले. मी कधीच मॅनेजर नव्हतो. एकदोनदा तसं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

डॉक्टरांचं घराणं पिढ्यानपिढ्या बनारसमध्ये. चुलतभाऊ सगळे भिक्षुकी करणारे, घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची श्राद्धं-तर्पणं चालवणारे. हे एकटेच जनावरांच्या डॉक्टरकीकडे गेले, सरकारी नोकरीत खेडोपाडी म्हशी तपासत फिरले, आणि शेवटी घराच्या खालच्या खोलीत दवाखाना थाटला. त्यांचं मराठी ऐकायला मजा यायची. निम्मे शब्द हिंदी, पण चाल थेट पेशवाईतली. मराठी ही घरात बोलायची चीज आहे, बाहेर नेली की तिला सर्दी होते, असं ते म्हणायचे.

दवाखाना खरा चालवायच्या त्या वहिनी. डॉक्टरांच्या पत्नी. जनावर धरायचं कसं, कुठल्या मालकाला बाहेर उभं करायचं, कोणाला चहा द्यायचा, हे सगळं त्यांच्या हातात. आणि मशीनही त्यांच्याच हातात, कारण डॉक्टरांचं आणि बटणांचं जमत नसे.

हे मशीन म्हणजे ऑक्सिमीटर. रक्तात ऑक्सिजन किती आणि नाडी किती हे दाखवणारं, एका हातात मावणारं, खास जनावरांसाठी केलेलं. त्याला नाव सांगता येत नसे, फक्त नंबर कळायचा. जनावराचा नंबर टाकायचा, चिमटा लावायचा, आकडा स्थिर झाला की साठवायचं बटण दाबायचं. पुढच्या वेळी तोच नंबर काढून बाणाचं बटण दाबत गेलं की आधीची सगळी रीडिंगं एकामागून एक समोर येत. जुनं रीडिंग काचेवर असलं की कोपऱ्यात एक बारीकशी खूण लुकलुकायची. आत्ताचं असलं की खूण नसे. एवढीच त्याची विद्या, पण डॉक्टरांना ती आयुष्यभर परकी राहिली. ते लांबूनच म्हणायचे, "अगं, मागच्या खेपेचं काढ ना जरा."

नंबर देण्याची त्यांची पद्धत पाहून माझ्यातला बँकवाला अस्वस्थ व्हायचा. क्रमानं नंबर द्यावेत एवढी साधी गोष्ट. पण पहिला नंबर गल्लीतल्या सांडाला, का, तर तो सगळ्यांत ज्येष्ठ. हा सांड एकदा पाय सुजला म्हणून दारात उभा होता. डॉक्टरांनी मोठ्या कौतुकानं त्याच्या कानाला चिमटा लावला, आणि महाराज मशीन लटकवून घाटाच्या दिशेनं चालू लागले. मागून डॉक्टर अनवाणी, "अहो, थांबा, परेशान नका होऊ," म्हणत. लोकांनी दुकानांतून बाहेर येऊन पाहिलं. वहिनी दारात उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

शिंदे घाटावर एक म्हातारी कुत्री होती, अजूनही आहे. वहिनींनी तिचं नाव महाराणी ठेवलं होतं, कारण घाट शिंद्यांच्या संस्थानचा आणि ती त्यावर पसरून बसायची तशी दुसरं कोणी बसत नसे. यात्रेकरूंनी टाकलेलं ती खात नसे. वहिनी दुपारी दूधपोळी घेऊन जायच्या, तेवढंच खायची. तिची एक जखम चिघळली तेव्हा दवाखान्यात बरेच दिवस येणंजाणं झालं, म्हणून मशीनमध्ये तिचाही नंबर होता. सोळा.

मग करोनाची दुसरी लाट आली. ते दिवस तुम्ही विसरला नसाल. मणिकर्णिका आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. एरवी तिकडच्या धुराची आम्हाला सवय असते, पण त्या दिवसांत बायका खिडक्या लावून घ्यायच्या. बाजारात माणसांचा ऑक्सिमीटर मिळेनासा झाला. गल्लीतल्या कोणाच्या तरी डोक्यात आलं की डाक्टरसाहेबांकडे आहे, आणि लोक दाराशी बोट पुढे करून उभे राहिले.

डॉक्टर आधी नाही म्हणाले. हे जनावरांचं आहे, माणसाचा आकडा बरोबर दाखवेल याची खात्री नाही, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. कोणी हललं नाही. मग त्यांनी एक तोड काढली. प्रत्येकाला नंबर द्यायचा, रोज रीडिंग साठवायचं, आणि आकडा केवढा आहे हे न बघता तो कालच्यापेक्षा खाली चाललाय का एवढंच बघायचं. खाली चालला की त्या माणसाला घेऊन पळायचं. चिमटा दर वेळी पुसत, तोंडाला फडकं बांधून, वहिनी बटणं दाबत राहिल्या. गल्लीतली कितीतरी माणसं त्या वेळी शेळ्यामेंढ्यांच्या शेजारी मशीनमध्ये जाऊन बसली.

मग वहिनींनाच ताप आला. बटणं दाबायला मी बसलो. त्यांना नवा नंबर द्यायला लागलो तर त्या म्हणाल्या, "मला महाराणीचा नंबर टाका, भाऊजी. घाटावरची सगळी कुत्री गेली, ती तेवढी टिकून आहे. तिचा नंबर लाभेल." डॉक्टरांनी मान डोलवली. मला नियमाविरुद्ध वाटलं, तरी मी सोळा नंबर काढला. आधी महाराणीची जखमेच्या वेळची रीडिंगं होती, त्यांच्या पुढे वहिनींची जमू लागली.

वहिनी वाचल्या नाहीत. बेड मिळत नव्हता, सिलिंडर मिळत नव्हता, मुलगा बंगळूरला अडकलेला. त्या घरातच गेल्या. डॉक्टरांच्या चुलतभावांनी लांबून मंत्र म्हटले.

दवाखाना पुन्हा उघडला तेव्हा वहिनींच्या जागी बटणांशी मी बसू लागलो. डॉक्टर तसेच होते, चिमटा आधी स्वतःच्या बोटाला, मग जनावराला. फक्त दवाखाना उघडायच्या आधी ते मशीन घेऊन खिडकीशी बसायचे. एवढंच एक त्यांना शिकून घ्यावंसं वाटलं होतं. सोळा नंबर काढायचा आणि बाण दाबत जायचं. शेवटाशी पोचले की मशीन बंद करून माझ्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, चला, दुकान उघडा. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, कोणी त्याबद्दल बोलत नसे. मी तर म्हणेन की गल्लीतल्या लोकांना त्याचा आधारच वाटायचा. आपल्यापैकी कोणीतरी रोज कोणाची तरी आठवण काढतंय म्हणून असेल.

पुढे मशीनची साठवण भरली. भरल्यावर ते भलतंच वागू लागलं. चालू रीडिंग मध्येच गोठायचं. जनावराची नाडी बदलत असायची आणि काचेवर जुनाच आकडा शांत बसलेला. कापाकापीच्या वेळी यासारखं घातक दुसरं नाही, कारण डॉक्टरांचं लक्ष जखमेकडे असतं आणि भरवसा आकड्यावर. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, साठवण रिकामी करा, मशीन नव्यासारखं चालेल. एकएक पुसायची सोय या मशीनमध्ये नाही, पुसायचं तर सगळंच पुसावं लागेल.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते बराच वेळ नळाखाली हात धूत राहिले. मग म्हणाले, पुसायचं नाही. त्यानंतर ऑपरेशन आलं की ते मशीन बाजूला ठेवायचे आणि हिरड्यांचा रंग बघत काम करायचे, तरुणपणी खेड्यांत करायचे तसं. पण तेव्हाची नजर आता राहिली नव्हती. एकदा एका कुत्र्याचा श्वास मंदावलेला त्यांच्या उशिरा लक्षात आला. ते वाचलं, पण डॉक्टर नंतर पुन्हापुन्हा त्याच्या हिरड्या उघडून बघत होते. मी रागावलो. नवं मशीन मागवा आणि हे कपाटात जपून ठेवा, एवढं साधं आहे, असं सुनावलं. त्यांनी ऐकलं. दिल्लीहून मशीन मागवलं, आणि ते येईपर्यंत ऑपरेशनं घ्यायची नाहीत असं ठरलं.

कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे इथल्या देवदिवाळीच्या दिवशी, दुपारी शिंदे घाटावरचा चहावाला महाराणीला गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. "डाक्टर साहब, महारानी दू दिन से कुछ खात नाहीं हौ," म्हणाला आणि रडायला लागला. वहिनी गेल्यापासून दूधपोळी तोच घालत होता. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. गर्भाशयात पू झाला होता. त्याच दिवशी काढलं नाही तर ती जाणार, हे त्यांनी आम्हाला सरळ सांगितलं.

देवदिवाळीला आमच्याकडे काय होतं ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. दुपारपासून गल्ल्या माणसांनी भरतात, पोलीस दोर लावतात, सायकलसुद्धा निघत नाही. महाराणीला दुसऱ्या दवाखान्यात नेणं शक्य नव्हतं. दिल्लीचं मशीन कुरियरवाल्याकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला पडलं होतं. डॉक्टरांच्या हाताखालचा कंपाउंडर गर्दीत अडकला होता. दवाखान्यात डॉक्टर, मी, चहावाला, आणि कोपऱ्यातल्या फळीवर ते जुनं मशीन.

इतक्या म्हाताऱ्या कुत्रीला नुसत्या नजरेच्या भरवशावर बेशुद्ध करायचं नाही, हे डॉक्टरांनी ठरवलं असावं, कारण त्यांनी फळीवरून मशीन उतरवून माझ्या हातात दिलं. मग हत्यारं उकळली, महाराणीला सलाईन लावून इंजेक्शन भरून ठेवलं, कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे चढवले. हात वर धरून ते टेबलाशी उभे राहिले. आता त्यांना कशालाही हात लावता येत नव्हता.

"मॅनेजरसाहेब, सोळा काढा," ते म्हणाले. "एकदा मोठ्यानं वाचा. मग पुसून टाका."

मी खिशातून फोन काढला आणि म्हटलं, आधी काचेचे फोटो घेऊन ठेवतो. त्यांनी मान हलवली. फोटो नकोत, एकदा ऐकू द्या, एवढंच ते म्हणाले.

मी वाचायला लागलो. पहिली काही रीडिंगं झाल्यावर ते म्हणाले, "इथपर्यंत महाराणी. आता आमच्या घरचं." पंचाण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. प्रत्येक आकड्यामागून नाडी. बाहेर लोकांचा गलका चालला होता, म्हणून मला आवाज चढवावा लागला. वहिनींचे श्वास असे ओरडून वाचताना मला स्वतःची लाज वाटली. डॉक्टरांचे डोळे मिटलेले होते.

"तो चौऱ्याण्णववाला परत एकदा," ते म्हणाले. मी परत वाचला.

तेव्हा त्यांनी सांगितलं. वहिनी गेल्या त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या घरी गेलो होतो आणि मशीन त्यांच्याकडेच होतं. वहिनींनी विचारलं, किती आहे. खरा आकडा फार खाली होता. डॉक्टरांच्यानं तो दाखवला गेला नाही. त्यांनी कशीबशी बटणं दाबून आधीच्या एका दिवसाचा चौऱ्याण्णव काढला आणि मशीन वहिनींसमोर धरलं.

"कोपऱ्यात ती खूण लुकलुकत होती," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, आजारी माणसाला काय दिसणार. पण मशीन तीच चालवायची हो. तिला नाही कळणार तर कोणाला कळणार? तिनं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, चौऱ्याण्णव आहे ना, मग तुम्ही जेवून घ्या. आणि मी जेवलो. तिच्यासमोर बसून जेवलो."

चहावाल्याला मराठी कळत नव्हतं, तरी तो महाराणीचे पाय धरून खाली मान घालून उभा राहिला. मी पुढचे आकडे वाचले. ते उतरत गेले. शेवटचा वाचला, तो इथे लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, "पुसा आता. ही वाट बघतेय." मशीननं खात्री आहे का असं विचारलं. मी हो म्हणायचं बटण दाबलं. एका क्षणात सांड, शेळ्या, गल्लीतली माणसं, वहिनी, सगळं गेलं.

त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला नाही. हात मोज्यांत होते, म्हणून ते सांगतील तसं इंजेक्शन सलाईनच्या नळीतून मीच सोडलं, आणि महाराणी निजल्यावर चिमटाही मीच तिच्या जिभेला लावला. मशीन खरोखर नव्यासारखं चाललं. मी आकडे सांगत राहिलो, ते काम करत राहिले. मध्ये एकदा आकडा घसरला, मी ओरडलो, त्यांनी हात थांबवून तिचा श्वास सावरला. मशीन गोठलेलं असतं तर आम्हाला ते कळलंही नसतं. टाके घालून झाले तेव्हा घाटावर दिवे लागले होते. डॉक्टर ते बघायला गेले नाहीत, महाराणी शुद्धीवर येईपर्यंत तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले.

ती वाचली. मला वाटलं, झालं ते बरं झालं, आता डॉक्टर मोकळे होतील. पण काही दिवसांनी ते संध्याकाळी आमच्या घरी आले. बायकोनं चहा दिला, तो पिऊन झाला, तरी ते उठेनात. शेवटी चाचरत म्हणाले, "मॅनेजरसाहेब, ती उशीला टेकून बसली होती त्या दिवशीचा किती होता? मला आठवतच नाही. सकाळपासून आठवतोय."

आकड्यांत आयुष्य गेलेला माणूस मी. मोठ्यानं वाचलेला आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, हा गुण म्हणा की खोड म्हणा. मी सांगितलं, त्र्याण्णव, नाडी अठ्ठ्याऐंशी. त्यांनी दोन्ही आकडे हळूच उच्चारले आणि चेहऱ्यावर असा दिलासा पसरला की बायको आत निघून गेली. त्यानंतर ते संध्याकाळी पाचला येऊ लागले. कधी पहिल्या दिवसाचा विचारायचे, कधी तिनं मऊभात मागितला होता त्या दिवसाचा. मी सांगायचो, ते ऐकायचे, मग इकडच्या तिकडच्या गप्पा. मशीनपेक्षा तुम्ही बरे, बटण दाबावं लागत नाही, असं एकदा म्हणालेसुद्धा. शेवटचा आकडा मात्र त्यांनी कधी विचारला नाही, आणि मी आपण होऊन सांगितला नाही.

गेल्या थंडीत डॉक्टर गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. घरापासून मणिकर्णिका इतकी जवळ की खांदा बदलायची वेळसुद्धा आली नाही. मुलानं दवाखाना बंद केला आणि मशीन रामनगरच्या एका तरुण डॉक्टरला देऊन टाकलं. महाराणी शिंदे घाटावर असते. चहावाला तिला दूधपोळी घालतो, आणि मी गेलो तर मलाही चहा देतो.

संध्याकाळी पाच वाजले की मी अजून दाराकडे बघतो. वहिनींचे सगळे आकडे मला क्रमानं पाठ आहेत, नाडीसकट. ते आता जगात फक्त माझ्याकडे आहेत, आणि विचारायला कोणी येत नाही.